आग विझविणाऱ्यांचे रक्षण

आगीचा बंब भोंगा वाजवीत रस्त्याने निघाला की गाड्या बाजूला होतात, दुकानदार पायरीवर येऊन उभे राहतात आणि लहान मुले टाळ्या पिटतात. बंबावरच्या माणसांविषयी आपल्या मनात आदर असतो, आणि तो असावाच. परंतु या आदराच्या आडोशाला एक गैरसमजही नांदत असतो. आगीत शिरणे हा या माणसांचा धर्म, तेव्हा प्रसंगी आगीत मरणे हेही ओघानेच आले, असे आपण धरून चालतो. एखादा जवान कामी आला म्हणजे आपण हळहळतो, त्याचा गौरव करतो. पण हे मरण टाळता आले असते काय, असे विचारणे आपल्याला त्या गौरवाला उणेपणा आणणारे वाटते. आजच्या विवेचनाचा रोख नेमका या प्रश्नावर आहे. गेल्या काही दशकांत, विशेषतः अमेरिकेत, या प्रश्नाचा फार कसून शोध घेतला गेला. त्यातून निघालेले उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. अग्निशामकांचे बरेचसे मृत्यू प्रत्यक्ष ज्वाळांनी होतच नाहीत. आणि जे टाळता येण्याजोगे असतात, ते घंटा वाजण्याच्या कितीतरी आधी, कवायतीच्या मैदानावर, वैद्याच्या तपासणीत आणि अधिकाऱ्याच्या मनाच्या तयारीत टाळले जातात.

हा विचार अगदीच नवा आहे असेही नाही. १८२४ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराने स्वतःचे अग्निशामक दल उभारले आणि जेम्स ब्रेडवुड नावाच्या अवघ्या चोवीस वर्षांच्या तरुणाला त्याचे प्रमुखपद दिले. ब्रेडवुडने दलासाठी माणसे निवडली ती गवंडी, सुतार, छपरे शाकारणारे आणि नळकाम करणारे अशी कारागीर. भिंत कोठे कलेल आणि तुळई केव्हा खचेल, हे घर बांधणाऱ्यालाच आधी कळते, हे त्यामागचे इंगित. त्यांची कवायत तो भल्या पहाटेच्या अंधारात घेई. धुराने भरलेल्या घरात कोणीही एकट्याने शिरू नये, असा त्याचा दंडक होता. माणसाची निवड, तिचे शिक्षण आणि प्रमुखाची शिस्त ही तीन सूत्रे त्याने त्या काळी घालून दिली. पुढे तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला आणि १८६१ साली टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना लागलेल्या प्रचंड आगीत भिंत अंगावर कोसळून स्वतःच मृत्यू पावला. धोका समूळ नाहीसा करता येत नाही, हे त्याच्या मरणाने दाखविले. तो पुष्कळ कमी करता येतो, हे त्याच्या आयुष्याने दाखविले होते.

घर बदलले, आग बदलली

ब्रेडवुडच्या काळची आग आणि आजची आग यांत मोठे अंतर आहे. त्या काळच्या घरात लाकूड, कापूस, लोकर असे पदार्थ असत. आजच्या बैठकीच्या खोलीत कोच, गाद्या, पडदे, टेबले ही सारी प्लास्टिकच्या आणि फोमच्या जातीची. म्हणजे एका अर्थी खनिज तेलाचीच भावंडे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने जुन्या आणि नव्या धर्तीच्या सामानाने सजविलेल्या खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. जुन्या सामानाची खोली संपूर्ण पेटायला सुमारे अर्धा तास लागला. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आतच भडकली.

या ‘भडकण्या’ला शास्त्रात फ्लॅशओव्हर म्हणतात. आगीतून निघालेले तप्त वायू छताशी साठत जातात. त्यांच्या आचेने खोलीतील प्रत्येक वस्तू तापून तीही ज्वलनशील वायू सोडू लागते. आणि एका क्षणी सारी खोली जमिनीपासून छतापर्यंत एकदम पेट घेते. त्या क्षणी आत असलेल्या माणसाला, अंगावर कितीही चांगला पोशाख असला तरी, काही सेकंदांपलीकडे आशा नसते. म्हणजे बंब पोहोचतो त्या वेळी घर बहुधा याच उंबरठ्यावर असते. जुन्या अनुभवावर विसंबून ‘अजून वेळ आहे’ असे म्हणणारा अधिकारी आज आपल्या माणसांना नकळत मृत्यूच्या दारात उभे करतो. म्हणूनच आगीचे शास्त्र हा आता प्रत्येक जवानाच्या शिक्षणाचा भाग झाला आहे. दार केव्हा उघडायचे, खिडकी केव्हा फोडायची, वारा आत घेतला तर काय होईल, हे त्याला ठाऊक असावे लागते.

वूस्टरची रात्र

शौर्य आणि विवेक यांचा झगडा कसा असतो, हे पाहायचे तर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरी ३ डिसेंबर १९९९ रोजी काय घडले ते पाहावे. तेथे शीतगृहाची एक सहा मजली जुनी इमारत ओस पडलेली होती. भिंती जाड, वरच्या मजल्यांना खिडक्या जवळजवळ नाहीत, आणि थंडी टिकावी म्हणून आतून बुचाच्या लाकडाचे, डांबराचे आणि फोमचे थर दिलेले. अशा इमारतीत धूर कोंडतो, उष्णता कोंडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. संध्याकाळी आग लागल्याची वर्दी आली. आत निराधार माणसे राहत असावीत, असे कोणी सांगितले. तेव्हा शोध घेणे भागच होते.

शोधाला गेलेल्या जवानांपैकी दोघे वरच्या मजल्यावर धुरात वाट चुकले. त्यांची हवा संपत आली होती. त्यांनी बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. त्यांना शोधायला आणखी माणसे गेली, आणि त्यांतलेही चौघे परतले नाहीत. आपले सोबती आत आहेत हे ठाऊक असल्याने बाहेरचे जवान पुन्हा आत जाण्यासाठी जिन्यापाशी गर्दी करीत होते. त्या वेळी तेथील विभागप्रमुख माइक मॅक्नामी दारात आडवे उभे राहिले आणि यापुढे कोणीही आत जाणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. माणसे संतापली, विनवण्या करू लागली. ते हलले नाहीत. सहा जवान त्या आगीत गेले. ज्यांच्यासाठी शोध सुरू झाला होता ती निराधार माणसे, बंब येण्यापूर्वीच बाहेर पडून गेली होती, हे मागाहून समजले.

या प्रसंगात भेकड कोणीच नव्हता. आत गेलेले सहाही जण शूर होते. पण मॅक्नामी यांचे शौर्य वेगळ्या जातीचे होते. आपल्याच माणसांचा रोष पत्करून, आत अडकलेल्या मित्रांची आशा सोडून, उरलेल्यांना मागे खेचण्याचे ते शौर्य होते. हा निर्णय असा आहे की त्याबद्दल कोणी टाळ्या वाजवीत नाही. त्या रात्री आणखी किती जण आत गेले असते आणि त्यांतले किती परतले असते, याचा हिशेब कधीच मांडता येणार नाही.

वूस्टरने शिक्षणाचे धडेही दिले. जवानाच्या पाठीवरचे हवेचे नळकांडे नावाला अर्ध्या तासाचे असले, तरी जिने चढत, जड नळी ओढत, धापा टाकत काम करणाऱ्याला ते बहुधा त्याहून बरेच कमी पुरते. म्हणून हवा संपत आल्याची सूचना वाजेपर्यंत काम करायचे, ही जुनी रीत चुकीची ठरली. परतीच्या वाटेला लागणारी हवा आधी राखून ठेवायची आणि उरेल तेवढीच कामाला लावायची, असा नवा हिशेब शिकवला जाऊ लागला. अमेरिकेच्या मानकांनीही २०१३ पासून ही धोक्याची सूचना एक चतुर्थांशाऐवजी एक तृतीयांश हवा उरली असतानाच वाजावी, असे ठरविले. जवान तीस सेकंद निश्चल राहिला तर आपोआप किंचाळणारे यंत्र, आत किती माणसे आहेत याची बाहेर ठेवलेली नोंद, दोघे आत तर दोघे सज्ज होऊन बाहेर, हे १९९८ पासून तेथे कायद्याने आलेले बंधन, या सर्वांचा हेतू एकच. आत गेलेल्या प्रत्येकाचा हिशेब बाहेर कोणाजवळ तरी असावा.

यांत सर्वांत अवघड शिक्षण कोणते असेल, तर ते वेळेवर हाक मारण्याचे. ‘मी वाट चुकलो आहे, मला मदत पाहिजे’ हे शब्द उच्चारायला शूर माणसाची जीभ रेटत नाही. आणखी एक मिनिट प्रयत्न करून पाहू, असे तो म्हणतो; आणि त्या मिनिटातच हवा संपते. म्हणून ही हाक आता कवायतीत डोळे बांधून, पुन्हा पुन्हा, सवय होईपर्यंत मारायला लावतात.

एकाला वाचवायला बारा

ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहराच्या दलाचे प्रमुख ॲलन ब्रुनासिनी यांनी १९७८ ते २००६ अशी अठ्ठावीस वर्षे त्या दलाची धुरा वाहिली. धोका केव्हा पत्करायचा याचा एक साधा नियम त्यांनी रूढ केला. त्याचा मथितार्थ असा: वाचविता येण्याजोगा जीव आत असेल तर मोठा धोकाही विचारपूर्वक घ्यावा, वाचविता येण्याजोगा माल असेल तर थोडा धोका घ्यावा, आणि जे आधीच गेले आहे, मग तो जीव असो की माल, त्यासाठी कोणताही धोका घेऊ नये. व्यापाऱ्याच्या खतावणीसारखा हा कोरडा हिशेब वाटेल. पण तो मनात पक्का असल्याखेरीज धुराच्या लोटासमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला निर्णय सुचत नाही.

एवढे नामांकित दल, एवढा विचारी प्रमुख, तरीही मार्च २००१ मध्ये फीनिक्समधील एका मोठ्या दुकानाच्या आगीत त्यांचा एक जवान आत हरवून मृत्यू पावला. दलाने ही गोष्ट झाकली नाही. उलट, अडकलेल्या सोबत्याला बाहेर काढणे खरोखर किती अवघड आहे, हे त्यांनी शेकडो कवायती करून मोजून पाहिले. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. एका जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा जण लागले, सुमारे एकवीस मिनिटे लागली, आणि सोडवायला गेलेल्या दर पाचांपैकी एक जण स्वतःच संकटात सापडला. दोन-चार धडधाकट माणसे बाहेर ठेवली की झाले, हा समज त्या आकड्यांनी खोडून काढला. माणूस अडकू न देणे हाच त्याला सोडविण्याचा खात्रीचा उपाय, असे त्या दलाने मान्य केले आणि आपली सारी पद्धत त्या दृष्टीने तपासून पाहिली. स्वतःच्या दुःखाचे असे मोजमाप करणे, हेही नेतृत्वाचेच काम होय.

न दिसणारे शत्रू

आता ज्वाळांपलीकडच्या शत्रूंकडे वळू. त्यांत पहिला शत्रू जवानाच्या छातीतच असतो. हार्वर्ड विद्यापीठातील स्टीफनोस केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत कामावर असताना मृत्यू पावणाऱ्या अग्निशामकांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने जातात, असे त्यांनी नमूद केले. प्रत्यक्ष आग विझविण्यात जवानाचा फार तर शेकडा एक ते पाच टक्के वेळ जातो; पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या थोड्या वेळात घडलेले होते.

कारण समजण्यासारखे आहे. झोपेत असलेला माणूस घंटेसरशी उठतो. नाडी एकदम धावू लागते. अंगावर वीस किलोंहून अधिक ओझे चढते. जाड पोशाखात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. घामावाटे पाणी जाऊन रक्त दाट होते आणि हृदयाला तेच दाट रक्त अधिक वेगाने फिरवावे लागते. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या आहेत, त्याला हा ताण सोसत नाही. यावर उपाय बंबखान्यातच आहे: वर्षाची वैद्यकीय तपासणी, रोजचा व्यायाम, धूम्रपानाचा त्याग, रक्तदाबावर लक्ष. १९९७ मध्ये अमेरिकेतील अग्निशामकांची संघटना आणि अधिकाऱ्यांची संघटना यांनी मिळून आरोग्याचा एक संयुक्त कार्यक्रम सुरू केला. तपासणीत दोष निघाला तर नोकरी जाईल, ही भीती जोपर्यंत जवानाच्या मनात आहे, तोपर्यंत तो दुखणे लपविणारच. म्हणून शिक्षा करण्याऐवजी माणसाला पुन्हा कामालायक करणे हे त्या कार्यक्रमाचे तत्त्व ठेवले. आगीच्या जागीही दोन नळकांडी संपली की सक्तीने विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचे, नाडी तपासून घ्यायची, अशी शिस्त आता सांगितली जाते. स्वतः कोट उतरवून सावलीत बसणारा अधिकारी असला तरच जवान बसतात, हे सांगायला नकोच.

दुसरा शत्रू काजळी. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. जगाने या दृष्टीने अग्निशामकांकडे पाहायला फार उशीर केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय हा माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. विषारी कण केवळ श्वासावाटेच जातात असे नव्हे. मान, मनगटे अशा जागी घामेजलेल्या त्वचेतूनही ते शोषले जातात. कित्येक दलांत काळवंडलेले शिरस्त्राण हे मर्दुमकीचे पदक मानले जाई. आज तेच शिरस्त्राण विषाचे भांडे ठरले आहे. उपाय मात्र साधा आहे. आगीच्या जागेवरच साबण, पाणी आणि ब्रश यांनी पोशाख धुतला, तर त्यावरील काही घातक रसायने सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. यात खर्च थोडा. बदलायची आहे ती प्रतिष्ठेची कल्पना.

तिसरा शत्रू मनात घर करतो. जळालेले मूल हातांत घेऊन बाहेर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो. त्याची झोप उडते, चिडचिड वाढते, दारू जवळची वाटते. ‘असल्या गोष्टींची सवय व्हायला हवी’ असे म्हणून जुने लोक विषय मिटवीत. आता सोबत्यांपैकीच काहींना ऐकून घेण्याचे शिक्षण देतात, आणि गरज असेल तेथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत देतात.

मार्च २००४ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे अग्निशमन क्षेत्रातील प्रतिनिधींनी एकत्र बसून या सर्वांची सोळा कलमे ठरविली. त्या काळी अमेरिकेत दर वर्षी सुमारे शंभर अग्निशामक कामावर असताना मृत्यू पावत होते. त्या कलमांत यंत्रांना स्थान आहे, संशोधनाला आहे, मनाच्या आरोग्यालाही आहे. पण पहिले कलम दलाच्या वृत्तीतच बदल घडविण्याचे आहे. आणखी एक कलम सांगते की धोकादायक काम चालू दिसले, तर ते थांबविण्याचा अधिकार प्रत्येक जवानाला असावा. सैनिकी शिस्तीवर वाढलेल्या दलात हे कलम क्रांतिकारकच म्हटले पाहिजे. हुकूम पाळण्याचे शिक्षण सोपे. वेळप्रसंगी धाकट्याचे ऐकण्याचे शिक्षण वडीलधाऱ्यांना द्यावे लागते.

आपल्या घरचा हिशेब

हे सारे दूरदेशीचे असे कोणी म्हणू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्यांच्या जवळच कापसाच्या गासड्या होत्या. जहाजावर धोक्याचे लाल निशाण नव्हते. धक्क्यावर अधिकारी अनेक होते, सल्लेही अनेक झाले. पण जहाज जागीच बुडवावे की बंदराबाहेर काढावे, हा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही. चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ भारतभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. जवान आपल्या जागेवर ठाम होते. उणीव होती ती खऱ्या माहितीची आणि निर्णय घेणाऱ्या एका आवाजाची.

९ मे २०१५ रोजी मुंबईतच काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. ती विझविताना इमारत कोसळली, आणि त्या दुर्घटनेत दलाने चार अधिकारी गमावले. मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर हेही त्यांत होते. टूली स्ट्रीटवर ब्रेडवुड गेला त्यासारखेच हे मरण. जळती इमारत किती वेळ उभी राहील, हे आगीच्या जागी अंदाजाने ठरवणे फार कठीण असते. त्याची माहिती आधीच हाताशी असावी लागते.

आणि ही माहिती कोणाजवळ असते? ती आपल्याजवळ असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने नीट राखण्याची आणि त्यांचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देण्याची जबाबदारी मालकावर आणि रहिवाशांवर टाकली आहे. जिन्याखाली रंगाचे डबे कोणी ठेवले, माळ्यावर गॅसची नळकांडी कोणी दडविली, तुळई वाळवीने पोखरली असूनही दुरुस्ती कोणी लांबणीवर टाकली, बंबाच्या वाटेत मोटार कोणी उभी केली, याची उत्तरे जवानाला धुरात शोधावी लागतात. आग लागली असता आत कोणी नाही हे नक्की ठाऊक असेल, तर ते पुढे होऊन सांगणे, हेदेखील एका जवानाचा जीव वाचविण्यासारखे आहे. वूस्टरला तेवढेच सांगणारे कोणी नव्हते.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात नव्या बंबाची रक्कम आपण आनंदाने वाचतो. त्याच पानावर जवानांच्या तपासणीसाठी, कवायतीसाठी आणि धुलाईच्या सोयीसाठी किती रक्कम धरली आहे, हेही पाहण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यावी. नसेल तर सभासदांना विचारावे. उद्या एखादा अधिकारी जळत्या दुकानातून आपली माणसे बाहेर बोलावून घेईल, माल जाऊ देईल, आणि गर्दीतून त्याला कोणी नावे ठेवू लागेल. त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी एकाने तरी त्याची बाजू घ्यावी, एवढी अपेक्षा या विवेचनामागे आहे.